डाव्या मुठीतली गोळी

माझ्या शरीराला तांबं बाहेर टाकता येत नाही. अन्नातून थोडं तांबं सगळ्यांच्याच पोटात जातं आणि इतरांचं यकृत ते मुकाट्यानं बाहेर काढतं. माझं मात्र साठवून ठेवतं आणि जागा संपली की मेंदूकडे पाठवतं. आजाराला नाव कुणा परदेशी डॉक्टरचं आहे. भाईंदरच्या जेसल पार्कमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते कुणालाच धड उच्चारता यायचं नाही, म्हणून आई सगळ्यांना "लिव्हरचं आहे" एवढंच सांगायची.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आम्ही चाळ सोडून भाईंदरला आलो आणि वर्षभरात मला कावीळ झाली. ती हटेना. जवळच्या चेणे गावात जाऊन झाडपाल्याचं औषध आणून झालं, उसाचा रस झाला, मग शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात एका डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांत टॉर्च मारून बुबुळाभोवतीचं तपकिरी कडं बघितलं आणि निदान केलं. आजार आनुवंशिक आहे, अर्धा आईकडून आणि अर्धा वडिलांकडून येतो, असं त्यांनी समजावून सांगितलं. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. आईनं मात्र दोन्ही अर्धे आपल्याच पदरात घेतले.

मला जन्मभर कॅप्सूल घ्यायच्या होत्या. सकाळी उठल्यावर एक, संध्याकाळी एक, उपाशीपोटी, आणि नंतर तासभर काही खायचं नाही. शिवाय पथ्य होतं. शेंगदाणे नाहीत, काजू नाहीत, चॉकलेट नाही, तांब्याच्या भांड्यातलं पाणी नाही. आईनं चाळीतून आणलेला तांब्याचा हंडा त्याच दिवशी माळ्यावर टाकला आणि टँकरचं पाणी प्लॅस्टिकच्या पिंपात भरायला लागली. उपासाची खिचडी आमच्याकडे दाण्याच्या कुटाशिवाय व्हायची, आणि ती सगळेच खायचे. मला एकटीला वेगळं वाटू नये म्हणून.

फक्त पूजेची भांडी राहिली. ताम्हण, पळी, पंचपात्री, कलश. आईला लग्नात तिच्या आईनं दिलेली. देवाच्या भांड्यांना पथ्य नसतं, असं आईनं स्वतःच ठरवून टाकलं होतं. डॉक्टरांनी स्वयंपाकघराचं नाव काढलं होतं, देव्हाऱ्याचं नाही. आता वन रूम किचनमध्ये देव्हारा ओट्याशेजारीच होता ही गोष्ट वेगळी.

त्यामुळे सकाळचा क्रम असा ठरला. मी तोंड धुऊन यायचे, आईची पूजा आटोपलेली असायची. ती माझ्या हातावर कॅप्सूल ठेवायची, पाण्याचा पेला द्यायची, आणि मी गिळली की पळीभर तीर्थ. औषधाला देवाची जोड. मी तीर्थ पिऊन ओला हात डोक्यावरून फिरवला की तिचा दिवस सुरू व्हायचा.

त्या कॅप्सूलनं मी बरी झाले आणि त्याच कॅप्सूलनं माझ्या तोंडाची चव गेली. म्हणजे अक्षरशः गेली. बटाट्याची भाजी आणि भिजवलेला पुठ्ठा यांत मला फरक कळेना. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधी कधी, येईल हळूहळू. मी नववीत होते. शाळेबाहेर मीठ-तिखट लावलेली चिंच मिळायची, मैत्रिणी ती खाताना डोळे मिटायच्या आणि मी उगाच डोळे मिटून त्यांच्यात सामील व्हायचे. हळूहळू म्हणजे कधी, हे कुणी सांगत नव्हतं. आणि मला तर काहीच होत नव्हतं. चांगली धडधाकट होते.

गौरी-गणपतीनंतर एका सकाळी मी कॅप्सूल जिभेखाली धरली, वरून पाणी प्यायले, ओठ पुसल्यासारखं करून ती डाव्या मुठीत घेतली आणि उजवा हात तीर्थासाठी पुढे केला. आईचं लक्ष उजव्या हाताकडे होतं. तीर्थ सांडू नये म्हणून ती नेहमी त्याच हाताकडे बघायची. शाळेच्या वाटेवर मिठागराचा चर होता, त्यात मी गोळी टाकली. संध्याकाळचं तर सोपंच, आई तेव्हा पाण्याच्या लायनीत असायची.

दोन-तीन आठवड्यांत वरणातलं मीठ कळायला लागलं. मग चिंच. काय सांगू, मला रडू आलं होतं. आईनं ताट चाटूनपुसून स्वच्छ केलेलं बघितलं आणि देवापुढे साखर ठेवली. त्या दिवशी तरी लाज वाटायला हवी होती. मी ती साखर खाल्ली.

संक्रांतीच्या सुमारास माझं अक्षर बिघडलं. आधी बाई ओरडल्या, मग मलाच वाचता येईना. हातातला कप वाजायला लागला. बोलताना शब्द तोंडात घोळायचे, कोपऱ्यातून लाळ यायची. आई-बाबा मला घेऊन हॉस्पिटलात धावले.

"गोळ्या नीट घेतेस ना?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"माझ्यासमोर घेते, डॉक्टर," आईच बोलली. "एक दिवस चुकला नाही. देवाशप्पथ."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मी मान हलवली. तेवढं मला अजून जमत होतं.

मग त्यांनी भांड्यांचं विचारलं आणि आईचा चेहरा पडला. तिनं तीर्थाचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "पळीभर पाण्यानं एवढं व्हायला नको. पण ते बंदच करा." पहिलं वाक्य माझ्या आई-बाबांपैकी कुणीच ऐकलं नाही.

घरी चप्पल काढताना बाबा आईला म्हणाले, "एवढं साधं कळलं नाही तुला? आपल्या हातानं पाजत होतीस पोरीला."

दुसऱ्या दिवशी आईनं सगळी भांडी, माळ्यावरच्या हंड्यासकट, स्टेशनजवळच्या दुकानात मोडीत दिली. मी पलंगावरून बघत होते. पिशवी भरताना तिनं पळी एकदा पदरानं पुसली आणि आत टाकली. माझी जीभ जड झाली होती हे खरं. पण "आई, थांब" एवढे दोन शब्द मला बोलता आले असते. मी भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर आईनं देवाची पूजा सोडली. माझ्या हातचं देवाला नको, म्हणाली. बाबाच ऑफिसला निघण्याआधी घाईघाईत दिवा लावायचे.

मी मात्र आता कॅप्सूल खरंच गिळत होते. घाबरून, न चुकता. सहा-सात महिन्यांत बोलणं सुधारलं, वर्षभरात हात बराचसा ताब्यात आला. चवही परत जाऊन पुन्हा आली, डॉक्टर म्हणाले होते तशी, हळूहळू. शाळेचं एक वर्ष गेलं. आणि माझ्या बऱ्या होण्यानं आईचा गुन्हा साफ शाबीत झाला. तांबं घरातून गेलं आणि पोरगी सुधारली, याहून वेगळा पुरावा तिला नको होता. प्रत्येक चांगल्या रिपोर्टवर ती म्हणायची, "बघ, मीच करत होते."

सात-आठ वर्षं मी हे ऐकलं. सांगायचं रोज ठरवायचे. परीक्षा होऊ दे, नोकरी लागू दे, असं करत राहिले.

मला नोकरी लागल्यावर बिल्डिंगमध्ये सत्यनारायण होता. समोरच्या गुजराती काकी आईला तीर्थ द्यायला गेल्या तर ती मागे सरकली. काकींनी विचारलं, "क्या हुआ, भाभी?"

"मेरे हाथ से पाप हुआ है," आई म्हणाली आणि तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. "इसको पूछो."

घरी आल्यावर ती मेथी निवडायला बसली आणि मी तिला सगळं सांगितलं. जिभेखालची गोळी, डावी मूठ, मिठागराचा चर, चिंच. उठून करूनही दाखवलं, कसा एक हात पुढे आणि एक मागे. ती मेथीची जुडी मांडीवर धरून ऐकत होती.

"झालं?" ती म्हणाली.

"आई, खरं सांगतेय."

"तू माझ्यासमोर घ्यायचीस. मी काय आंधळी होते? डॉक्टरांसमोर शपथ घेतलीय मी." तिनं माझ्या गालावरून हात फिरवला, बोटांना मेथीची माती होती. "मला बरं वाटावं म्हणून एवढं रचलंस. पण केलेलं पुसलं जातं का, बाळा?"

बाबा आल्यावर ती त्यांना दारातच म्हणाली, "तुमची लेक बघा. माझं पाप स्वतःच्या डोक्यावर घ्यायला निघाली होती." बाबांनी माझ्याकडे बघितलं. एवढ्या कौतुकानं त्यांनी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. मी पुन्हा एकदा सांगू शकले असते, बाबांनी कदाचित विश्वास ठेवलाही असता. पण खरं सांगायचं तर, आईनं विश्वास ठेवला नाही तेव्हाच मला सुटल्यासारखं वाटलं होतं. मी जेवणाची पानं घ्यायला उठले.