प्रीअँप, आम्ही तिघं आणि अम्माची रेकॉर्ड

किस्से जमवावे लागत नाहीत. ज्या यंत्रातलं कुणालाच नीट कळत नाही, त्याच्याभोवती तीन शहाणी माणसं बसली की ते आपोआप जमतात! आमच्या किहीमच्या रविवारच्या बैठकीत आता रेकॉर्डी कमी आणि किस्से जास्त झालेत.

बैठक म्हणजे आम्ही तिघं. वाडी आणि पडवी सुलभाताईंची, टर्नटेबल त्यांच्या भाच्यानं पाठवलेलं. मी शाळेत फिजिक्स शिकवून रिटायर झालेला, म्हणून फुकटचा तज्ज्ञ. तिसरे आगरदांड्याचे हमीदभाई. मस्कतची नोकरी सोडून आता नारळ-सुपारीचा व्यापार करतात. एकदा सुपारी न्यायला आले, टर्नटेबल पाहून दारातच थबकले आणि पुढच्या रविवारी एक पाकीट घेऊन हजर झाले.

पाकिटात बशीएवढी पातळ रेकॉर्ड होती. हमीदभाईंचे वडील बोटीवर खलाशी. हमीदभाई अम्माच्या पोटात असताना त्यांनी कुठल्याशा बंदरात, मशीनमध्ये नाणं टाकून आपला आवाज भरला आणि बायकोला पाठवला. ते स्वतः मात्र परत आलेच नाहीत.

"मग कुणी ऐकली ही?"

"कुणीच न्हाय, सर. गावात एकाकडं ग्रामोफोन होता. पण दादी म्हणाली, सून नवऱ्याचं बोलणं चार माणसांत ऐकते की काय! टाकली पेटीत."

दादी जाऊन चाळीस वर्षं झाली; तोवर गावातला ग्रामोफोनही मोडीत गेला होता. अम्मा आता पंच्याऐंशीची. एका कानानं थोडं ऐकू येतं, आणि तोही कान फार दिवस साथ देणार नाही असं डॉक्टर म्हणाले होते.

मी भिंगातून पाहिलं. रेकॉर्डचा वरचा थर सुटत आलेला. सुई फिरली की थोडा आवाज खरवडूनच नेणार. "एकदा वाजेल," मी म्हणालो. "दुसऱ्यांदा सांगता येत नाही."

तेव्हा ठरलं, आधी सगळ्या चुका दुसऱ्या रेकॉर्डींवर करून संपवायच्या. आणि चुकांना काही तोटा नव्हता!

*

सुलभाताईंनी टर्नटेबल सरळ स्पीकरला जोडलं होतं. आवाज असा, की मडक्यात डास गुणगुणतोय. "स्पीकर गेला," म्हणत त्यांनी आवाज पूर्ण वाढवला. तरी डासच. मग स्पीकर तपासायला त्यांनी तीच पिन मोबाइलला लावली. अख्खी वाडी हादरली! नारळ पाडायला माडावर चढलेला माणूस वरूनच ओरडला, "बाय, मना मारतंस का काय!"

त्याला उतरवून चहा पाजला आणि मी फिजिक्स काढलं. सुईतून निघणारी वीज अगदी क्षीण असते. तिला आधी वर उचलायला जो डबा लागतो तो प्रीअँप. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबतात, नाहीतर चर इतके रुंद होतील की गाणं मावायचं नाही. तो खर्जही प्रीअँपच परत आणतो.

"म्हणजे तो डबा नसला तर अब्बांचा आवाज बारीक, बाईमाणसासारखा येयाचा?" हमीदभाईंनी विचारलं.

हसावं की नाही, कळेना.

*

हमीदभाईंनी मस्कतच्या मित्राकडून डबा मागवला. जोडला आणि गाणारीचा आवाज पार फाटला! हमीदभाई घामाघूम. "ही अम्माची असती तर?"

शोधता शोधता कळलं, टर्नटेबलच्या पोटात आधीच एक प्रीअँप आहे. मागे त्याचं बारीक बटण, डबा जोडताना कुणाच्या तरी धक्क्यानं चालू झालेलं. आम्ही एकामागे एक दोन लावले होते!

"म्हणजे सासूनंही मीठ घातलं आणि सुनेनंही," सुलभाताई म्हणाल्या.

मी आतला बंद केला, बटणावर चिकटपट्टी लावली आणि बजावलं, "याला कुणी हात लावायचा नाही!"

*

तरी पुढच्या रविवारी गाण्यामागे घूंऽऽ चालू. "विहिरीचा पंप," मी म्हणालो. पंप बंद केला. घूं तशीच. फ्रीज बंद, पंखे बंद. शेवटी मी मेन स्विच पाडला. एकदम शांत!

"सापडलं!" मी ओरडलो.

"सर," सुलभाताई म्हणाल्या, "रेकॉर्डही थांबली."

टर्नटेबलमधून प्रीअँपच्या स्क्रूला एक बारीक अर्थिंगची वायर जाते. ती जागेवरच नव्हती. हमीदभाईंनी मान खाली घातली. "ती कुठंच जात न्हवती सर. एक्स्ट्रा वाटली. म्हणून कापली."

माझा तोल गेला. साठीच्या माणसाला मी नववीतल्या पोरासारखं झापलं. "तुमच्या वडलांच्या आवाजावर ही घरघर बसली असती!" ते नुसते चष्मा पुसत राहिले. मला अजून त्याची लाज वाटते. मग वायर जोडली, खाऱ्या वाऱ्यानं हिरवा पडलेला स्क्रू घासला आणि घूं गेली.

*

अम्माला प्रवास झेपत नाही, म्हणून सगळं सामान घेऊन आम्हीच आगरदांड्याला गेलो. अम्मा सकाळपासून नवी पांढरी ओढणी घेऊन खुर्चीत बसलेली. चांगला कान स्पीकरकडे. सुलभाताईंनी मोबाइलवर रेकॉर्डिंगची तयारी केली. मी बॅग उघडून सगळं उपसलं. डबा किहीमला पडवीतच राहिला होता!

ज्यांना झापलं होतं, ते हमीदभाईच समोर उभे. "उद्या करूया का सर?" एवढंच म्हणाले. पण उद्या अम्माला ऐकू येईल याची हमी कोण देणार?

"सर, पोटातला आहे ना!" सुलभाताई म्हणाल्या आणि त्यांनी माझी चिकटपट्टी टरकन उपटली.

बटण दाबलं, वायर सरळ स्पीकरला लावली. आधी दुसरी रेकॉर्ड लावून पाहिली. आवाज स्वच्छ. मग अम्माची ठेवली. सुई सुलभाताईंनी टेकवली.

खरखर. नुसती खरखर. हमीदभाईंनी डोळे मिटून घेतले. आणि मग त्यांच्याहून कितीतरी लहान वयाचा एक आवाज आला.

"मी बोलतोय. आयकू येतंय का तुला?"

हमीदभाई आवाज वाढवायला धावले. अम्मानं ओढणी कपाळावर ओढली, स्वयंपाकघराच्या दाराकडे चोरून पाहिलं आणि स्पीकरकडे झुकून म्हणाली,

"हलू बोला. सासू आत हाय."