पाटातला पूल

मी तेव्हा सडकेच्या कामावर ओव्हरसिअर होतो. मंगरूळपीरच्या अलीकडे एका नाल्यावर पूल व्हायचा होता. नकाशा वरून मंजूर होऊन आला होता. पण नाला तिथे वळत होता आणि नकाशातले दोन्ही खांब धारेला तिरपे पडत होते. मला ते खटकत होतं.

डाव्या काठाला एका माळ्याचा वांग्या-मिरच्यांचा मळा होता. त्याला विचारून मी त्याच्या पाटात वाळूने नाल्याचं वळण हुबेहूब उतरवलं आणि सुताराने केलेले वीतभर लाकडी खांब त्यात रोवले. माळ्याने मोट धरली. धार दिसावी म्हणून मी पाण्यावर लाकडाचा भुसा सोडला. भुसा खांबांना थडकून वळला आणि डाव्या काठावर जाऊन आदळू लागला. थोड्या वेळाने काठ ढासळला. तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच झालं.

माळी पाटाशी उकिडवा बसला.

"साहेब, हा काठ म्हंजे माहा मळा ना?"

"हो."

"मंग सारं पानी माह्याच अंगावर कायले येऊन राह्यलं?"

मी खांब जरा फिरवून लावले. पाणी सरळ निघून गेलं.

"मंग असाच बांधा ना तुमी," तो म्हणाला.

मी आकृत्या काढून वर पाठवल्या. मोठे साहेब दौऱ्यावर आले तेव्हा त्यांना मळ्यातही नेलं. त्यांनी उभ्या उभ्या पाहिलं. "पाट म्हणजे नाला नव्हे. मंजूर नकाशाप्रमाणे काम करा."

मी केलं. उरलेले दगड तेवढे त्या काठाला टाकून घेतले.

पहिल्या पावसाळ्यात काठ टिकला. दुसऱ्या वर्षी पोळ्याच्या सुमारास मोठा पूर आला. मी पोहोचलो तेव्हा पूल जागच्या जागी होता. मळा नव्हता. विहिरीची अर्धी कड खाली बसली होती आणि माळी-माळीण चिखलातून मिरचीची झाडं उपसत होती.

मला पाहून माळी म्हणाला, "तुमी तं आधीच दाखवलं होतं साहेब. मीच पुन्हा तिथं लावलं."

कचेरीतून विचारणा आली ती पुलाची. 'पुलास इजा नाही' असं मी कळवलं. ते खरंच होतं.

त्या दिवाळीनंतर तो बायकोला घेऊन रिठदला मेव्हण्याकडे गेला आणि दुसऱ्याच्या वावरात रोजाने जाऊ लागला, असं कानावर आलं. रिठदच्या बाजूला माझं पुष्कळदा जाणं झालं. त्याच्या घरी मात्र मी कधी गेलो नाही.