मळीच्या पाण्यात गळ

“आपटू नगंस, टेकव!”

हे ती गळाबद्दल म्हणायची आणि नावेत धाडकन पाय ठेवणाऱ्या माणसालाही म्हणायची. नवरा गेल्यावर गावची नाव तिनंच चालवायला घेतली होती. सगळे तिला मावशी म्हणत; मायेनं कमी, भीतीनं जास्त.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती वर्षं. मी मास्तर, माझी शाळा कृष्णेच्या पलीकडं, त्यामुळं रोज तिच्या शिव्या खातच मी नदी ओलांडायचो. उतारू नसले की ती नाव धारेत न्यायची, दोराला बांधलेला धोंडा सोडून तिथंच उभी करायची आणि गळ टाकायची. गळाच्या दांडीवर शिशाचा गोळा, वर कोंबड्याचं तांबडं पीस. काठावर गळ टाकून डुलक्या घेणारे तुम्ही पाहिले असतील. हिचं तसं नव्हतं. शिसं तळाला टेकलं की वीतभर उचलायचं, पुन्हा अलगद सोडायचं.

“गळ खाली पडताना मासा धरतोय, मास्तर. तवाच दोरी ढिली पडली की गेला! अन् धार वाढली की शिसं जड लावायचं. हलकं वाहून जातंय, तुमच्यावानी.”

माझ्यावानी का, हे विचारायची सोय नव्हती.

त्यातल्याच एका उन्हाळ्यात वरच्या अंगाच्या साखर कारखान्यानं नदीत मळी सोडली. सकाळी पाहतो तर पाणी काळंतांबडं, आणि काठानं मासे पांढरी पोटं वर करून पडलेले. लोक मासे भरायला पाट्या घेऊन धावले. मावशी त्या पाट्या लाथेनं उडवत सुटली.

“मुडद्यांनो, इख हाय त्ये! पोरास्नी खायला घालताय?”

मग तिनं स्वतःच एक पाटी भरली आणि ग्रामपंचायतीत सरपंचांच्या टेबलावर पालथी केली. मी तिच्यासोबत गेलो होतो.

“उन्हानं मरत्यात मासं,” सरपंच नाकाला रुमाल लावून म्हणाले. “कारखाना काय परका हाय व्हय? आपलाच हाय. पानी चांगलं हाय.”

“तुमी प्यालाय आज?”

“आमच्या वाड्यात आड हाय.”

बाकावर ऊसवाले बसले होते. एकजण फिदीफिदी हसला. मी बोलायला लागलो, तर “मास्तर, तुमी बदलीचं मानूस” म्हणून मला बसवलं. आज हे लिहितानाही माझं डोकं तापतं.

आठवडाभरात ठराव झाला. नाव पंचायतीची, ती दुसऱ्याला द्यायची. कारण काय, तर मावशी उतारूंना शिव्या देते!

शेवटच्या दिवशी सकाळी तिनं रिकामी नाव मधल्या धारेत नेली, धोंडा सोडला आणि गळ टाकला. दोन्ही काठांवर माणसं खोळंबली. सरपंचांना पलीकडून तासगावची एस.टी. धरायची होती.

“ए मावशे, नाव आन! गाडी चुकंल!”

ती वळलीसुद्धा नाही. शिसं टेकवलं, उचललं, सोडलं. त्या मेलेल्या पाण्यात काय लागणार होतं?

सरपंच पुन्हा ओरडले, तशी ती उभी राहिली.

“पवून या की! पानी चांगलं हाय न्हवं?”

एकानंही पाण्यात पाऊल घातलं नाही. पलीकडं एस.टी. धुरळा उडवत निघून गेली.

दुपारी मावशीनं वल्हं पंचायतीच्या दारात फेकलं आणि ती मेढ्याला लेकीकडं गेली, ती गेलीच. नवा नावाडी फार गोड बोलायचा, सगळ्यांना रामराम घालायचा. मला त्याचाही राग यायचा.