खाचरातला बाप

“मी हाय ना.” पोशेरा गावात त्याला कुणी काहीही विचारलं तरी उत्तर हेच. पोरीला दूध कोण पाजणार? मी हाय ना. आजारी पडली तर? मी हाय ना.

मी तिथल्या उपकेंद्रात नर्स. त्याची बायको बाळंतपणात गेली, ती माझ्या डोळ्यांसमोर. मेव्हणी मूल न्यायला आली होती. त्यानं दिलं नाही. बायकोच्या लुगड्यात लेकीला पाठीशी बांधून तो नांगर धरायचा. लस टोचताना पोर रडायची आणि हा तिच्याआधी डोळे पुसायचा.

तुम्ही कधी भाताच्या खाचरात पाणलावा पक्षी पाहिलात? टोकाला किंचित वाकलेली लांब चोच, अंगावर चिखलाचेच रंग. हलला नाही तर दिसतच नाही. एका श्रावणात मी त्याच्या शेतावर गेले, तर त्यानं हातानंच मला थांबवलं. बांधालगतच्या ओल्या गवतात एक मातकट, ठिपकेदार पक्षी बसला होता. डोळ्याभोवती पिवळसर कडं.

“नर हाय,” तो कुजबुजला. “मादी लय देखणी. मान विटकरी, डोळ्याला पांढरी कड. चार अंडी घालते न् जाते दुसऱ्या नराकडं. उबवायची यानं, पिल्लं सांभाळायची यानं.”

“म्हणजे तुमच्यासारखाच की, दादा,” मी हसून म्हटलं.

तो हसला नाही. “माझी सोडून नाय गेली, बाई. मेली.”

तो गवताचा कोपरा त्यानं तसाच राखला. पुढे एकदा हाक मारून दाखवलं: भाताच्या रोपांमधून बाप पुढे, मागे कापसाच्या बोंडाएवढी पिल्लं. पाठीवरची लेक टाळ्या पिटायला लागली, तसे त्यानं तिचे हात हळूच मुठीत धरले.

कापणीच्या दिवसांत त्याला घोणस चावली. शेजाऱ्यांनी उचलून आणलं तेव्हा पाय मांडीपर्यंत सुजला होता. जमेल ते केलं, रस्त्यावरची जीप थांबवली, मोखाड्याच्या रुग्णालयाला कळवलं. जीपमध्ये आडवा झाल्यावर त्यानं माझा हात धरला.

“तिला तिखट देऊ नका. नाय खात अजून.”

मोखाडा यायच्या आधीच तो गेला. फोन आला तेव्हा मी उपकेंद्रात, माझ्याकडं ठेवलेल्या त्याच्या लेकीला मऊ भात भरवत होते. ती पोटभर जेवली. मग उठून उंबऱ्यावर रस्त्याकडे तोंड करून बसली. कुणी उचलायला गेलं की हात झटकायची. संध्याकाळी न्यायला आलेल्या मावशीनं तिला कडेवर घेतलं, तेव्हा ती रडली नाही. मान वळवून तेवढी रस्त्याकडे बघत राहिली.