हिरव्या पुठ्ठ्याआड

माझी भावसून, म्हणजे धाकट्या भावाची बायको, आमच्या घरात आली त्याला अठरा वर्षं झाली होती, आणि तेवढ्या काळात ती माझ्याशी एक वाक्यही थेट बोललेली नव्हती. भांडण वगैरे काही नव्हतं. मी तिचा भासरा, आणि आमच्या घरात भासऱ्याशी बोलायचं नाही अशी रीत होती. दुर्ग-भिलाईतल्या सगळ्याच मराठी घरांत असं नसतं. आमच्याकडे आईने ती धरून ठेवली, आई गेली तरी रीत तशीच राहिली.

जेवताना मी समोरच बसलेला असायचो, तरी ती माझ्या बायकोला विचारायची, "ताई, दादाले अजून भात पाहिजे का?" बायको मला विचारायची, मी बायकोला सांगायचो आणि बायको तिला. माझा स्वभाव हिशोबी आहे, नोकरीही कॉस्टिंगची, त्यामुळे एका वाढपाला चार वाक्यं खर्ची पडतात हे मला दिसायचं. तरी मी मधे बोललो नाही. तिला ते अवघड होईल असं वाटायचं.

बायको मात्र वैतागायची. "मी काय टेलिफोन एक्सचेंज आहो का? बोला न एकमेकाशी. कोन धरलं तुमाले?"

कोणीच धरलेलं नव्हतं. 

तीन वर्षांपूर्वी माझा भाऊ लिव्हरच्या आजाराने गेला. तो इथल्या स्टील प्लांटमध्ये होता, त्याच्या जागी अनुकंपेवर भावसुनेला नोकरी लागली. आधी तिला स्टोअरमध्ये ठेवलं, हातमोजे आणि हेल्मेट वाटायला. मग ती अर्ज करून एका दुरुस्तीच्या शॉपमध्ये, म्हणजे वर्कशॉपमध्ये गेली, जिथे डोक्यावरून क्रेन फिरतात आणि मोठमोठे भाग उचलून इकडून तिकडे नेतात. ते काम तिला मनापासून आवडलं. संध्याकाळी ती स्वयंपाकघरात बायकोला शॉपच्या गोष्टी सांगायची आणि बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचता वाचता त्या मलाही कळायच्या.

त्या शॉपमध्ये शिफ्ट सुरू होण्याआधी सगळे पाच मिनिटं एकत्र उभे राहतात आणि एकजण सुरक्षेबद्दल बोलतो. एका सोमवारी बोलायला तिचा नंबर आला. समोर तीसेक पुरुष, बरेचसे तिच्या नवऱ्याच्या वयाचे, काही त्याला ओळखणारे. तिच्या तोंडून शब्दच फुटला नाही. हातातला कागद शेवटी दुसऱ्याने वाचून दाखवला. शॉपचे साहेब वाईट नव्हते, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं की इथे ज्याला ओरडून सांगता येत नाही त्याला मी क्रेनखाली उभं करू शकत नाही. पुढच्या सोमवारी बोला, नाहीतर तुम्ही परत स्टोअरला.

हे ती सांगत होती तेव्हा तव्यावरची पोळी करपली. तो वास बाहेरपर्यंत आला, म्हणून मला ते लक्षात आहे.

मी बऱ्याच वर्षांपासून एका भाषण क्लबात जातो. दर शनिवारी संध्याकाळी सेक्टर सहामधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये आम्ही पंचवीस-तीस जण जमतो आणि पाळीपाळीने बोलतो. मी स्वतः कमी बोलतो. माझं काम वेळ बघण्याचं. प्रत्येक भाषण पाच ते सात मिनिटांचं असतं. पाच मिनिटं झाली की मी हिरवा पुठ्ठा वर करतो, सहाला पिवळा, सातला लाल. लालनंतर अर्धा मिनिट माफ, त्यापुढे गेलात तर त्या दिवसाच्या मतदानातून तुमचं नाव बाद. हे काम मी काटेकोर करतो, त्यावरून माझी थट्टाही होते.

बायकोने परस्पर भावसुनेचं नाव तिथे लावलं. मग मला म्हणाली, "या शनिवारी तुमी जाऊ नोका. तुमी समोर बसले तर ती कशी बोलन?"

"वेळ कोण बघेल?"

"अरे बाप्पा! तुमच्याशिवाय घड्याळ बंद पडते का?"

यावर थोडा विचार करून मी मार्ग काढला. वेळ बघणारा पहिल्या रांगेत मधोमध बसतो, ती जागा काही बदलता येत नाही. पण तिला माझं तोंड दिसलं नाही म्हणजे झालं. पुठ्ठे चांगले मोठे होते. तिचं भाषण सुरू झालं की एक पुठ्ठा चेहऱ्यासमोर धरायचा आणि मोबाइल मांडीवर ठेवून वेळ बघायची. बायकोला ही युक्ती पटली. आज विचार केला तर दोघांपैकी एकाच्याही डोक्यात पुढची साधी गोष्ट कशी आली नाही याचं नवल वाटतं.

शनिवारी भावसून बायकोबरोबर ऑटोतून आली, मी स्कूटरवर आधीच पोचलो होतो. क्लबच्या अध्यक्ष एक निवृत्त मल्याळी परिचारिका आहेत, त्यांना सगळे सिस्टर म्हणतात. त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "हाथ ठंडा है, अच्छा है। जिसका हाथ ठंडा, उसका भाषण गरम।" भावसून हसली नाही. दुपट्टा डोक्यावर घेऊन ती माझ्यापासून सर्वांत लांबच्या खुर्चीत बसली. दोघांची भाषणं झाली. "मतलब", "तो" असे भरतीचे शब्द आले की जवळच्या उतई गावचे, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे एक दुकानदार टेबलावरची घंटी वाजवतात. त्या दिवशी घंटी बरीच वाजली.

मग तिचं नाव पुकारलं गेलं. ती पुढे येऊन उभी राहिली. मी हाताला आला तो पुठ्ठा उचलला आणि तोंडासमोर धरला.

"नमस्कार। आज का विषय है, क्रेन के नीचे काम करते समय सावधानी।"

आवाज बारीक होता, पण आला. मला बरं वाटलं. आणि पुढे काहीच आलं नाही.

पुठ्ठ्याच्या खालून मला फरशी आणि तिच्या चपला तेवढ्या दिसत होत्या. मोबाइलवरचे आकडे पुढे जात होते. शेजारून दुकानदार माझ्याकडे वाकले आणि त्यांच्या छत्तीसगढीत कुजबुजले, "का भैया, घड़ी आगू भागत हे का?" घड्याळ पुढे पळतंय का? तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी हिरवा धरलाय. तिला बायकोने पक्कं शिकवून ठेवलं होतं की हिरवं दिसलं म्हणजे पाच मिनिटं झाली, आता आवरतं घ्यायचं. तिने दोन वाक्यं बोलून समोर पाहिलं आणि तिला हिरवं दिसलं.

मागे कोणीतरी हसलं. पुठ्ठा खाली करावा तर माझं तोंड दिसणार, तसाच ठेवावा तर ती थांबलेली. खर्चाच्या दोन आकड्यांत निवड करणं मला रोज जमतं, हे काही जमेना. मी तसाच बसून राहिलो. सोमवारी ती शॉपमध्ये अशीच उभी राहिली असेल, आणि येत्या सोमवारीही अशीच उभी राहील, आणि त्यानंतर पुन्हा स्टोअर. हे सगळं माझ्या हातातल्या पुठ्ठ्यामुळे होतंय असं मला स्पष्ट दिसत होतं.

"दादा."

हॉलमध्ये मला दादा म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं.

"दादा, पुठ्ठा खाली घ्या. मले तुमी दिसून नाई राहिले."

मी खाली घेतला. ती माझ्याकडे बघत होती. दुपट्टा डोक्यावरून मागे सरकला होता आणि तिने तो सावरला नाही. अठरा वर्षांत मी तिचा चेहरा असा सरळ समोरून पाहिला नव्हता. मला वाटत होतं त्यापेक्षा तो जास्त थकलेला होता, आणि जास्त निर्भय.

ती परत हिंदीकडे वळली. पाठ केलेला कागद तिच्या मुठीत होता, तो तिने उघडलाच नाही. "अभी जो हुआ न, वही मेरा विषय है," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. क्रेन चालवणारा वर केबिनमध्ये असतो, खालचा माणूस हाताने इशारा देतो. दोघांना एकमेकांचे चेहरे दिसलेच पाहिजेत. दिसत नसतील तर क्रेन जागची हलवायची नाही, मग कितीही घाई असो. पण माणसं काय करतात? वरचा समजतो, खालच्याला कळलं असेल. खालच्याला वाटतं, वरचा मोठा माणूस आहे, त्याला कसं टोकायचं. "और दोनों के बीच में दस टन का माल लटका है।"

हॉल हसला.

"मैं अपने जेठ के सामने अठारह साल नहीं बोली। ये भले आदमी हैं। अभी इन्होंने मेरी इज़्ज़त के लिए मुँह छुपाया। मैंने हरा देखा और रुक गई। घर में इतना चलता है, सब्ज़ी में नमक कम रह जाता है, बस। शॉप में इज़्ज़त से चुप रहोगे तो नीचे वाला मरेगा।"

तिचा आवाज चढला नव्हता, पण मागच्या भिंतीपर्यंत जात होता. मी या हॉलमध्ये शेकडो भाषणं ऐकली आहेत. आवाजाचे चढउतार, हातवारे, विराम, सगळं मला मोजता येतं. यातलं काही मोजावं असं मला वाटलं नाही. आमच्या स्वयंपाकघरात, एका भिंतीपलीकडे, हे माणूस इतकी वर्षं राहत होतं. दुकानदारांचा हात घंटीवर होता तो तसाच राहिला. "मतलब" ती दोनदा म्हणाली, मी ऐकलं. त्यांनी ऐकलं की नाही, माहीत नाही.

तिने तीन इशारे करून दाखवले, थांब, उचल, हळू, आणि आम्हा सगळ्यांना उभं करून ते करायला लावले. सिस्टरही उभ्या राहिल्या. मीही. मग तिने हात जोडले आणि ती जागेवर जाऊन बसली.

सिस्टरनी सवयीने विचारलं, "टाइम?"

मी मोबाइल बघितला. "सात मिनिटं पन्नास सेकंद. मतदानातून बाद."

सगळा हॉल माझ्यावर ओरडला. "अरे भैया, आज तो छोड़ दो!" मी म्हणालो, नियम सगळ्यांना सारखा. कोपऱ्यातून बायको कपाळावर हात मारताना दिसली. तेवढ्यात भावसून तिच्या खुर्चीतून उठली.

"बरोबर आहे तुमचं, दादा," ती मला म्हणाली. "पन तुमी पिवळा दाखवला नाई अन् लालबी दाखवला नाई."

ते खरं होतं. हिरव्यानंतर मी एकही पुठ्ठा उचलला नव्हता. सिस्टर हसता हसता खुर्चीत बसल्या. मतं दुसऱ्याच एका सदस्याला गेली आणि त्याने बक्षिसाचा पेन नेऊन तिच्या हातात दिला.

तरी सोमवारची धाकधूक होतीच. क्लबातली माणसं टाळ्या वाजवायलाच आलेली असतात, शॉपमधली तशी नसतात. ती पहिल्या शिफ्टला गेली तेव्हा अंधार होता. मी ऑफिसला निघायला हवं होतं, पण काहीबाही कारण काढून दुपारपर्यंत घरीच राहिलो.

ती आली तेव्हा कपाळावर हेल्मेटचा वळ होता. बायको काही विचारायच्या आत ती माझ्याकडे वळली.

"झालं, दादा. मागे एक बुढा ऑपरेटर मोबाइल पाहून राहिला होता. मी म्हटलं, चाचा, आप दिख नहीं रहे, आगे आइए। तो आला बी समोर."

"मग साहेब काय म्हणाले?"

"म्हणाले, आता दर सोमवारी तूच बोल. स्टोअरचं नाव नाई काढलं." तिने कपाळावरचा घाम पुसला. "पन मी पाच मिनिटाच्या वर जाऊन राहिली. रविवारी माया बोलन्याची जरा वेळ मोजून देसान का?"

मी हो म्हणालो, पण तो आवाज इतका बारीक निघाला की तिला पुन्हा विचारावं लागलं.