फिनेलने धुतलेली सापसुरळी

लढाई संपल्यावर रजेवर कुंडलला आलो तेव्हा छावणीतली शिस्त अंगात जरा जास्तच भिनली होती. पहिल्याच सकाळी छावणीतल्या उग्र वासाच्या साबणानं अंघोळ करून फिनेलच्या पाण्याची बादली घेऊन गोठ्यात शिरलो आणि कोपऱ्यातल्या दगडावर ओतली. तिथं सापसुरळी ऊन खात पडली होती, हे पाणी हातातून सुटल्यावर दिसलं.

मी लढाईवर गेलो तेव्हा लेक रांगत होती. आता मला बघितलं की आईच्या पदरामागं लपायची. गाव सापसुरळीला भितं, पण त्या दगडाखालच्या बिळात दाटीवाटीनं राहणाऱ्या तीन सापसुरळ्या हिच्या मैत्रिणी. नेमकी ती दारात उभी होती. ही सापसुरळी मेली तर पोरगी जन्मात आपल्या मांडीवर बसायची नाही, एवढं मला कळलं.

मग मी आणखी शहाणपणा केला. सापसुरळीला साध्या पाण्यानं धुऊन बिळाच्या तोंडाशी सोडलं. आतून दुसरी पुढं आली. हिच्या अंगावरून तिनं दोनदा जीभ फिरवली आणि कचकन चावली. ही मागं सरली, पुन्हा गेली, पुन्हा चावा. कालपर्यंत एकमेकींच्या अंगावर पडून राहणाऱ्या, पण फिनेलच्या वासानं घरची परकी झाली होती. तेवढ्यात एक कोंबडी मान वाकडी करून जवळ आली.

"आई, कोंबडी तिला खाईल," लेक म्हणाली. आईला, मला नाही.

मी झटकन सापसुरळीवर पाटी पालथी घातली, बिळासमोरच्या कोरड्या धुळीतच, आणि शेजारी पहाऱ्याला बसलो. बायकोनं भाकरीला हाक मारली. उठलो नाही. थोड्या वेळानं लेक पाटीच्या पलीकडं येऊन बसली.

उन्हं कलल्यावर पाटी उचलली. आत धुळीत लोळून लोळून सापसुरळी पार मातकट झाली होती. बिळाशी गेली. आतून जीभ बाहेर आली. एकदा फिरली, थांबली, परत फिरली. माझं बोट कुणीतरी घट्ट धरलं. मग आतली जरा बाजूला सरकली आणि हिची शेपटी दगडाखाली दिसेनाशी झाली.

आपण कुणाचं बोट धरलंय हे लेकीच्या तेव्हा ध्यानात आलं. तिनं ते हुंगलं, नाक मुरडलं आणि आईकडं पळाली.

शेणाची पाटी माझ्यापुढं सरकवत बायको म्हणाली, "आवं, त्यो छावणीतला साबण ठेवा ट्रंकंत. उद्यापास्नं गोठा तुमीच काढा. पोर यील आपसूक."