मल्लिनाथअप्पांची शंभर शब्दांची कात्री

बीडच्या बसस्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर मल्लिनाथअप्पांचं भांड्यांचं दुकान आहे. अप्पा माणूस लाखमोलाचा, पण पाल्हाळाचा त्यांना भारी तिटकारा. गिऱ्हाईक कुकर मागता मागता जावयाचं कौतुक सांगू लागलं की अप्पा विचारणार, "किती लिटरचा?" गावातल्या वाचणाऱ्यांनी अशा माणसाच्या हाती आपला ब्लॉग दिला आणि अप्पांनी पहिल्याच दिवशी फर्मान काढलं: पुस्तकाचा अभिप्राय शंभर शब्दांत. त्याच्या पुढे गेलात की कात्री.

खरं सांगायचं तर त्यामुळे ब्लॉगनं बाळसं धरलं. रुद्राणी मॅडम आधी पुस्तकापेक्षा स्वतःच्या कॉलेजच्या आठवणीच जास्त लिहायच्या. आता धाकानं का होईना, थेट मुद्द्यावर येऊ लागल्या. लोक आवडीनं वाचू लागले. अप्पांची कॉलर ताठ झाली, आणि का होऊ नये?

गोची झाली ती वाहेदभाईंच्या बाबतीत. त्यांचा फळांचा गाडा दुकानासमोरच. साखरेच्या आजारानं नजर गेलेली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्यांची बायको गौसिया गाड्यामागे बसून पुस्तक मोठ्यानं वाचायची, ते ऐकायचे आणि अभिप्राय फोनमध्ये बोलून अप्पांना पाठवायचे. तो लांबला की त्यातलं काय उडवायचं हे अप्पांचं ठरलेलं. "इथं गौसियानं पाणी मागितलं", "हे पान तिनं परत वाचलं", असली वाक्यं घरगुती गप्पा म्हणून ते बिनदिक्कत छाटत.

मग वाहेदभाईंचे अभिप्राय येणंच बंद झालं. अप्पांनी बरीच वाट पाहिली आणि एका दुपारी गाडा गाठला. वाहेदभाई सीताफळं चाचपून पिकलेली वेगळी काढत होते. गौसियाभाभी पाठ फिरवून बसल्या होत्या.

"कावून लिहिणं सोडलं, वाहेदभाई?"

"वाचून कोन दावनार, अप्पा? हिचे डोळे दुखतेत म्हनं."

"काय दुखत न्हाईत माजे डोळे," भाभी गर्रकन वळल्या. "दर बारीला मोबाइलात बघते. ह्यांनी माझ्यासमोर बोललेलं असतं, आन् तितं माझा पत्ताच नसतो. मी वाचते हे लोकाला सांगायची तुमाला लाज वाटती का?"

"लाज कशाची, भाभी? पुस्तकाचं तेवढं ठिवायचं, बाकीचं काढायचं. नियमच हाय तसा."

"त्येच पुस्तकाचं व्हतं, अप्पा," वाहेदभाई हळूच म्हणाले. "मला पान दिसत न्हाई. ही कुटं थांबली, त्येच्यावरूनच मला पुस्तक कळतं."

वाचायचं अर्धवट राहिलेलं पुस्तक गाड्यावरच पडलं होतं. त्याच पुस्तकावर अप्पांनी स्वतः अभिप्राय लिहिला होता, अगदी शंभर शब्दांत बसवून. त्यांनी ते भाभींपुढे धरलं. "थोडंसं वाचा, भाभी. माझ्यासाठी."

भाभींनी आधी आढेवेढे घेतले, मग वाचायला लागल्या. गोष्टीतली बाई वारलेल्या मुलाचा शर्ट इस्त्रीला घेऊन जाते. इस्त्रीवाल्याला सगळं ठाऊक असतं. तो काही बोलत नाही, फक्त बाकीचे कपडे बाजूला सारून तो शर्ट आधी हातात घेतो.

भाभी थांबल्या. ओढणी तोंडाशी नेली आणि पाण्यासाठी हात पुढे केला. वाहेदभाईंनी न चुकता बाटली त्या हातात दिली.

अप्पांनी हे पुस्तक दोनदा वाचलं होतं आणि दोन्ही वेळा या ओळीवरून ते तसेच पुढे गेले होते. आता मात्र ती ओळ त्यांनाही ओलांडता येईना. स्वतःचा त्यांना फार राग आला.

"शंभरची अट ऱ्हाईलच," ते मोबाइल काढत म्हणाले. "पन काय कापायचं ते हितून पुढं तुमी सांगायचं. बोला, लिहून घेतो."

वाहेदभाई भाभींच्या दिशेला वळले.

"शर्टाच्या पानावर गौसिया थांबली."

अप्पांनी लिहिलं आणि पुढच्या वाक्यासाठी वर पाहिलं.

"बास," वाहेदभाई म्हणाले. "झालं."